रंगात आलं की डिस्क हरवते

धाकट्याचे केस पांढरे होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी घरात त्याला धाकटाच म्हणत. दुकानात तो मोठा माणूस होता. गल्लीच्या तोंडाशी त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. आत एक लांब टेबल, टेबलावर पोट उघडून पडलेली यंत्रं, आणि त्यांच्यामागे चष्मा कपाळावर चढवून बसलेला तो. लोक आपला कॉम्प्युटर आजारी पोरासारखा छातीशी धरून आणत आणि त्याच्या तोंडाकडे बघत उभे राहत. तिथे त्याचा शब्द शेवटचा. पण शटर ओढून तो चार पावलांवरच्या थोरल्या भावाच्या घरात शिरला, की वहिनी त्याला आधी पायपुसणं दाखवीत.

त्या दिवशी पायपुसणं दाखवायलाही वहिनी दारात आल्या नाहीत. पुढच्या खोलीत, हात मांडीवर ठेवून, त्या काळ्या पडलेल्या स्क्रीनकडे बघत बसल्या होत्या. स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ होती: डिस्क सापडत नाही.

"आले डॉक्टर," मान न वळवता त्या म्हणाल्या. "पेशंट गेला."

"पुन्हा?"

"पुन्हा काय, सवयच लागलीय त्याला. तुम्ही येऊन हात फिरवला की उठून बसतो, तुमची पाठ वळली की आडवा. तुम्हीच लाडावून ठेवलाय."

खिडकीशी दादा वर्तमानपत्र वाचत बसले होते. दादा म्हणजे धाकट्याचे थोरले भाऊ आणि वहिनींचे यजमान. नोकरी संपल्यापासून त्यांचा मुक्काम त्या खिडकीशीच असे. पानाआडून ते म्हणाले, "माझ्याकडे कुणी बघू नका. मी फक्त खिडकी दुरुस्त केलीय."

"हो, तेवढं मात्र केलं हं," वहिनी म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून ती खिडकी वाजत होती. मागच्या महिन्यात मला न सांगता तिचं वाजणं बंद केलं. मी दृष्ट काढायची तेवढी बाकी ठेवलीय."

धाकटा खाली बसला. टेबलाखालच्या कॅबिनेटची, म्हणजे कॉम्प्युटरच्या डब्याची, बाजूची पत्र्याची झडप काढली, डिस्कला जोडलेली वायर बोटानं आत दाबली आणि बटण दाबलं. कॉम्प्युटर असा सुरू झाला, की जणू काही झालंच नव्हतं.

"बघा," वहिनी म्हणाल्या. "तुमच्यापुढे कसा शहाण्यासारखा वागतो."

हा कॉम्प्युटर वहिनींच्या घरात धाकट्यानंच आणला होता. त्याआधी त्यांचं सगळं आयुष्य पायमशीनवर गेलं. कपड्यांवर, चादरींवर, पडद्यांवर भरतकाम करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. मग गुडघे बोलू लागले. डॉक्टरांनी सांगितलं, पायमशीन बंद. वहिनी चार दिवस कुणाशी नीट बोलल्या नाहीत. शेवटी धाकट्यानं डोकं लढवलं. आपोआप भरतकाम करणारं एक विजेचं मशीन आतल्या खोलीत आणून बसवलं, आणि त्याला लागणारी नक्षी काढायला बाहेर कॉम्प्युटर. नक्षी कॉम्प्युटरवर काढायची, पेन ड्राइव्हवर घ्यायची, मशीनला द्यायची. टाके ते घालतं. वहिनी आधी म्हणाल्या, मला हे या जन्मात जमायचं नाही. नंतर म्हणाल्या, जमेलसं दिसतंय. मग तर त्या धाकट्याला खुर्चीवरून उठवू लागल्या.

जुनी पायमशीन मोडीत घालायला मात्र त्यांनी साफ नकार दिला. म्हणून तोडगा काढला. मशीनचं वरचं डोकं कपाटात गेलं, आणि खालच्या लोखंडी सांगाड्यावर फळी बसवून धाकट्यानं कॉम्प्युटरचं टेबल केलं. कॅबिनेट जमिनीवर ठेवलं तर फरशी पुसताना पाणी आत जायचं, म्हणून पाय मारायचं जे रुंद जाळीचं पायडल होतं, ते पक्कं करून त्याच्या मागच्या अंगाला त्यानं ते छोटं कॅबिनेट बसवलं. पुढच्या अंगाला वहिनींचे पाय टेकायला जागा राहिली. एका पैशाचं नवं लाकूड लागलं नाही, हे तो अजूनही लोकांना सांगत असे.

आता वहिनींपुढे आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम होतं. शहरातल्या नाट्यगृहाचा नवा पडदा. दोन पाख्यांचा, मधून उघडणारा. दोन्ही पाखे मिळून एकच भलंथोरलं झाड. डाव्या पाख्यावर सकाळ: फांद्यांवरून पाखरं उडून चाललेली. उजव्यावर संध्याकाळ: तीच पाखरं परत येऊन फांद्यांवर उतरणारी. डावा पाखा भरून, घडी करून कपाटावर पडला होता. उजव्याची नक्षी काढायला घेतली आणि कॉम्प्युटरनं हे सोंग सुरू केलं. शेंडा काढून व्हावा, पहिलं पाखरू घ्यावं, आणि डिस्क सापडत नाही. आतापर्यंत काढलेलं धाकटा दुकानात नेऊन कॉपी करून ठेवी, त्यामुळे जुनं सुरक्षित होतं. पण पुढचं काही होतच नव्हतं. काढलेलं पाखरू साठवायच्या आधी उडून जाई.

"मी रंगात आले रे आले, की हा मरतो," वहिनी म्हणाल्या. "नुसतं इकडचं तिकडे केलं, तर दिवसभर चालतो. मला वाटतं त्याला चित्रकलेचं वावडं आहे."

धाकट्याची काम करायची एक पद्धत होती आणि तिचा त्याला अभिमान होता: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. नाहीतर दुखणं कशानं गेलं ते कळत नाही. त्यानं कॅबिनेट दुकानात नेलं. आधी डिस्क कसून तपासली. ठणठणीत. मग डेटाची वायर बदलली. चार दिवसांत वहिनींचा निरोप आला: पेशंट गेला. मग त्यानं वायर मदरबोर्डवरच्या दुसऱ्या पोर्टमध्ये लावली. निरोप आला. वीज पुरवणारा डबा बदलला. निरोप आला. कॉम्प्युटर आपल्या चुकांची जी नोंद स्वतःच ठेवतो, ती काढून पाहिली, तर तिथे ओळीनं एकच तक्रार: कंट्रोलर एरर.

"म्हणजे काय?" वहिनींनी विचारलं.

"कंट्रोलर म्हणजे मध्यस्थ. कॉम्प्युटरला डिस्ककडून काही हवं असलं, की तो कंट्रोलरला सांगतो, आणि कंट्रोलर डिस्कला. तो म्हणतोय, मी हाक मारतोय, पलीकडून ओ येत नाही."

"कळलं. आमच्या घरातही असंच आहे," वहिनी खिडकीकडे बघत म्हणाल्या. "अहो, ऐकताय का?"

वर्तमानपत्राचं पान उलटलं.

"बघा, कंट्रोलर एरर."

धाकट्यानं मग बोर्डवरच्या कंट्रोलरला सुट्टी दिली आणि वेगळं कार्ड घालून डिस्क त्याला जोडली. दुकानात ते कॅबिनेट सकाळपासून दुकान बंद होईपर्यंत डिस्क राबवत चालू ठेवलं. साधं कुरकुरलंही नाही. तो खुशीत घेऊन आला, जोडलं, चहा घेतला आणि गेला. दुकानाच्या दारापर्यंत पोचला नसेल, तोच फोन वाजला.

इथे त्याच्या तोंडून ते वाक्य गेलं. त्याला काही वाईट म्हणायचं नव्हतं. या घरात सगळे एकमेकांची टोपी उडवतच जगत. तो परत आला, वाकला, वायर दाबली, कॉम्प्युटर सुरू झाला, आणि कपाळाचा घाम पुसत तो म्हणाला, "वहिनी, यात आता बदलायचं काही उरलं नाही. यंत्र चांगलं आहे. तुम्ही समोर बसलात की त्याला काहीतरी होतं. घाबरतं बहुतेक तुम्हाला."

एरवी या वाक्याला वहिनींनी सव्याज परतफेड केली असती. आज त्या नुसत्या मान डोलावून उठल्या.

"मलाही तेच वाटायला लागलंय," त्या म्हणाल्या. "माझा हात लागला की बिघडतं. या वयात यात पडायलाच नको होतं. नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांचा सकाळी फोन येऊन गेला. ते म्हणतात, डावा पाखा आहे तोच उलटा फिरवून उजवा करा. लांबून कुणाला कळतंय. तेवढं तुमच्या दुकानात बसून होईल ना भावजी?"

"होईल," धाकटा म्हणाला. "एक कळ दाबायची असते."

"मग दाबा. त्यांना आज सांजेपर्यंत हो म्हणून कळवायचंय."

"पण मग पाखरं?"

"जातील की. दोन्हीकडून निघून जातील." त्या कपाटावरच्या घडीवरची नसलेली धूळ झटकू लागल्या. "लोक नाटक बघायला येतात. पाखरं घरी परतली की नाही, कोण मोजतंय?"

वर्तमानपत्र खाली आलं होतं. दादांनी धाकट्याकडे असं पाहिलं, की लहानपणी दादांची पाटी फोडली तेव्हाही त्यांनी एवढं रोखून पाहिलं नसेल. धाकट्याला बाहेर पडावंसं वाटलं आणि पडता येईना. झाडाचा अर्धा शेंडा स्क्रीनवर तसाच उभा होता.

"वहिनी, सांजेपर्यंत वेळ आहे ना? तुम्ही बसा आणि काढा. मी कशाला हात लावत नाही, नुसता बघतो."

"माझ्या खांद्यावरून? मग झालं. माझ्या हातून पाखराऐवजी कोंबडी निघेल."

"वर बघतच नाही. मी खाली बसतो. झडप उघडी ठेवून डिस्ककडे बघतो. ती जाते तेव्हा काय करत असते, ते मी आजवर पाहिलंच नाही. मला नेहमी गेल्यावरच बोलावलंत."

"जाण्याआधी बोलवायला ती काय सांगून जाते?" वहिनी म्हणाल्या. पण बसल्या.

धाकटा टेबलाच्या कडेला, भिंतीशी पाठ लावून जमिनीवर बसला. हातात टॉर्च. उघड्या कॅबिनेटमध्ये डिस्कचा दिवा लुकलुकत होता. बराच वेळ काही झालं नाही. वरून माउसच्या टिचक्या ऐकू येत होत्या, थांबून थांबून, परीक्षेला बसल्यासारख्या.

"जिवंत आहे का?" दादांनी विचारलं.

"डिस्क आहे," धाकटा म्हणाला.

"मी तुझ्याबद्दल विचारतोय. तुला आता खालून उठवायचं म्हणजे दोन माणसं लागतील."

"अहो, तुम्ही जरा गप्प बसा बघू," वहिनी म्हणाल्या. "फांदी वाकवतेय मी इथे."

टिचक्या हळूहळू जवळ जवळ येऊ लागल्या. वहिनी काहीतरी गुणगुणू लागल्या, शब्द नसलेलं, नाकातल्या नाकात. धाकट्याला ते फार वर्षांनी ऐकू आलं. तो शाळेत असताना याच खोलीत अभ्यासाला बसे, तेव्हा पायमशीनच्या खडखडाटाबरोबर हेच गुणगुणणं चाले.

आणि मग त्याच्या डोळ्यांपुढची वायर हलायला लागली.

त्याला आधी वाटलं, आपला हात थरथरतोय म्हणून टॉर्च हलतेय. त्यानं टॉर्च दुसऱ्या हातात घेतली. वायर हलतच होती. मग डिस्क हलताना दिसली, मग चष्मा नीट केल्यावर दिसलं, की डिस्कच नाही, अख्खं कॅबिनेट डोलतंय. मैफलीत पुढच्या रांगेत बसलेला जाणकार जशी दाद देतो, तसं ते मान पुढे, मान मागे करत होतं, अगदी तालात.

त्यानं टॉर्च खाली वळवली. कॅबिनेटच्या खाली पायडल. पायडलच्या पुढच्या अंगाला वहिनींचे पाय. टाच, चवडा. टाच, चवडा. डॉक्टरांनी बंद केलेली पायमशीन पूर्ण वेगात चालू होती.

तो तोंड उघडणार, तेवढ्यात वायरचं टोक डिस्कमधून किंचित सुटलं. दिवा विझला.

"गेला," वरून वहिनी म्हणाल्या. "या वेळी तुमच्या समोर गेला, भावजी. आता तरी तुमची खात्री पटली का? मी व्यवस्थापकांना फोन करते."

"वहिनी," खालून आवाज आला, "पाय थांबवा."

"कुठे काय करतायत पाय?"

"खाली बघा."

वहिनींनी टेबलाखाली वाकून पाहिलं. त्यांचे पाय अजून चालतच होते. त्या आपल्या पायांकडे असं बघत राहिल्या, जणू शेजारणीचे पाय आपल्या घरात शिरलेत. मग पाय थांबले. कॅबिनेटनं शेवटचं एकदा मान डोलावली आणि तेही थांबलं.

"अगं बाई," वहिनी हळूच म्हणाल्या. "म्हणून गुडघा पुन्हा दुखायला लागला होय."

धाकटा आता टेबलाखाली पुरता आडवा झाला होता. "पण हे पायडल हलतंच कसं? मी त्याच्याखाली लाकडाची पाचर मारली होती. चांगली घट्ट बसली होती. पाचर कुठे गेली?"

वर्तमानपत्र पुन्हा वर गेलं होतं, नेहमीपेक्षा जरा जास्तच वर.

वहिनींनी आधी वर्तमानपत्राकडे पाहिलं, मग त्याच्या मागच्या खिडकीकडे, जी लग्नानंतर पहिल्यांदाच गप्प होती. चौकटीच्या फटीत लाकडाचा एक तुकडा दिमाखात बसला होता.

"अहो," त्या म्हणाल्या, "खिडकी कशानं दुरुस्त केलीत?"

"खाली पडला होता एक लाकडाचा तुकडा," पानाआडून दादा म्हणाले. "कामाचा वाटला."

"पडला होता?"

"जरा अडकून पडला होता."

धाकटा हसू लागला. त्याचं हसणं टेबलाखालून येत असल्यामुळे कॅबिनेटच हसतंय असं वाटत होतं. वहिनींनी मात्र अजून हिशेब मिटवला नव्हता.

"थांबा. पायडल हललं हे कळलं. पण हलल्यावर वायर का निघावी? माझी पायमशीन इतकी वर्षं हलत होती, तिची सुईसुद्धा कधी निघाली नाही."

हसणं थांबलं. धाकट्यानं टॉर्च आत मारली. डिस्क ज्या कप्प्यात बसवली होती, त्याला दोन्ही बाजूंनी स्क्रू लावायचे असतात. त्यानं एकाच बाजूचे लावले होते. दुसऱ्या बाजूला पोचायचं तर मागची झडपही काढावी लागते, आणि ती काढायचा कंटाळा सगळेच दुरुस्तीवाले करतात. एका जागी उभ्या असलेल्या कॅबिनेटला तेवढं चालतं. नाचणाऱ्याला चालत नाही. प्रत्येक झोक्याला डिस्क मोकळ्या बाजूनं हिसका खाई आणि वायर केसभर बाहेर येई. वायर नवी असो की जुनी, कंट्रोलर बोर्डवरचा असो की कार्डावरचा, त्याला बिचाऱ्याला जे दिसत होतं तेच तो सांगत होता. आणि दुकानात टेबलावर पाय मारायला कुणी नव्हतं. धाकट्यानं एका वेळी एक असं कॅबिनेटच्या आतलं सगळं बदललं होतं. कॅबिनेट कशावर ठेवलंय, ते बदलून पाहिलं नव्हतं.

हे सगळं त्यानं खालूनच सांगितलं, कारण वर येऊन सांगायची छाती होत नव्हती.

"म्हणजे," वहिनी बोटांवर मोजत म्हणाल्या, "पाचर यांनी काढली, स्क्रू तुम्ही लावले नाहीत, आणि घाबरतं ते मला."

"चुकलं वहिनी."

"घाबरायला हवंच होतं त्यानं. दोघा भावांच्या हातात जीव होता त्याचा."

त्या दुपारी धाकट्यानं उरलेले स्क्रू लावले, अगदी मागची झडप काढून. कॅबिनेट पायडलवरून उचलून भिंतीशी एका स्टुलावर ठेवलं. दादांना खिडकीतली पाचर काढून आणायला लावली. ते ती अशा चेहऱ्यानं घेऊन आले, की जणू कुणी त्यांचा सत्काराचा नारळ परत मागितलाय. पाचर पायडलखाली जिथल्या तिथे बसली, खिडकी वाजू लागली आणि वहिनी कामाला बसल्या.

कॉम्प्युटर चालला. चालतच राहिला. डिस्कचा दिवा लुकलुकत होता, कंट्रोलरची एकही तक्रार नव्हती. धाकटा आता खुर्चीवर, पण नियमाप्रमाणे स्क्रीनकडे पाठ करून बसला होता. टिचक्या ऐकू येत होत्या, थांबून थांबून. गुणगुणणं नव्हतं.

"भावजी," बऱ्याच वेळानं वहिनी म्हणाल्या, "बघा जरा."

त्यानं वळून पाहिलं. पाखरं होती. चोच, पंख, शेपूट, सगळं जिथल्या तिथे. पण ती फांदीजवळ हवेत अडकली होती, पोटात पेंढा भरल्यासारखी. उतरत नव्हती.

"कॉम्प्युटर बरा झाला," वहिनी म्हणाल्या, "आता मी बिघडले. उलटंच फिरवून टाकूया. राहू दे."

धाकट्यानं टेबलाखाली पाहिलं. वहिनींचे पाय त्या गच्च पायडलवर शेजारी शेजारी ठेवलेले होते, पाहुण्यांकडे अवघडून बसलेल्या बाईसारखे. तो गुडघ्यांवर बसला, पाचर ओढून काढली आणि दादांच्या हातात दिली. ते तडक खिडकीकडे गेले.

"हे काय?" वहिनींनी विचारलं.

"काही नाही. पायडलवर आता काही ठेवलेलं नाही, चाकही जोडलेलं नाही. नुसतं हवेत हलतंय, जोर लागत नाही. हललं तर हललं."

"आणि डॉक्टर?"

"डॉक्टरांनी मशीन बंद करायला सांगितलीय. मशीनचं डोकं तर कपाटात आहे."

वहिनी स्क्रीनकडे वळल्या. त्यांनी हवेत अडकलेलं एक पाखरू पुसून टाकलं आणि नव्यानं घेतलं. दोघे भाऊ खिडकीशी बसले आणि एकाच वर्तमानपत्राची दोन टोकं धरून, त्यातलं अक्षरही न वाचता, ऐकू लागले. आधी टिचक्या. मग खालून लोखंडाचा अगदी बारीक आवाज, टाच, चवडा. मग नाकातल्या नाकात ते गुणगुणणं.

सवयीनं धाकटा वाट बघत राहिला, की आता त्या म्हणतील, गेला.

"उतरलं," वहिनी म्हणाल्या.